दौलताबादच्या कड्यावरचा पांढरा पक्षी

“मम्मी, ही घार पांढरी कशी?”

धाकट्याने हा प्रश्न विचारला तेव्हा मी डबे उघडत होते. जानेवारीचा शेवटचा रविवार होता. माहेरहून अम्मी चार दिवसांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. सकाळी दौलताबादचा किल्ला, मग खुलताबादला जियारत आणि असरपर्यंत छत्रपती संभाजीनगरला घरी परत, असा आमचा बेत होता. अम्मींच्या गुडघ्यांना किल्ल्याची चढण झेपणारी नव्हती. म्हणून हे थोरलीला घेऊन वर गेले आणि मी, अम्मी व धाकटा चाँद मिनारच्या बाजूला एका झाडाखाली सतरंजी टाकून बसलो.

“घार पांढरी नसते. बगळा असेल,” मी वर न बघताच म्हणाले.

“बगळा एवढा मोठा असतो का? आणि तो असा गोल गोल फिरतो का?”

मग मात्र मी वर पाहिले. साडेदहा-अकराचा सुमार होता. ऊन तापू लागले होते. किल्ल्याच्या तासलेल्या काळ्या कड्यासमोर एक मोठा पक्षी पंख न हलवता तरंगत होता. अंग पांढरे. पंखांची पुढची बाजू पांढरी, मागची सगळी किनार काळीभोर. वळताना त्याच्यावर ऊन पडले की तो चमकत होता. कड्याचा दगड काळा, म्हणून तो आणखीच पांढरा दिसत होता.

जवळच कॉलेजची दोन मुले गळ्यात दुर्बीण अडकवून उभी होती. त्यातला एक घाईघाईने कॅमेरा सावरत होता. धाकटा सरळ त्यांच्याकडे धावला. त्या मुलाने दुर्बीण त्याच्या डोळ्यांना लावून दिली आणि मला म्हणाला, “आंटी, नशीब चांगलं आहे तुमचं. आम्ही तीन रविवार येतोय, आज दिसला. पांढरं गिधाड आहे.”

गिधाड हा शब्द ऐकून मी जरा मागेच सरले. इतका देखणा पक्षी आणि गिधाड? दुर्बिणीतून पाहिले तेव्हा त्याचा चेहरा दिसला. चेहऱ्यावर पिसे नव्हती. कातडी पिवळीधमक होती, हळद लावल्यासारखी. मानेभोवती पिसांचा विस्कटलेला झुपका होता. शेपूट घारीसारखी दुभंगलेली नव्हती, मागे टोकदार होत गेलेली होती.

अम्मींनी दुर्बीण घेतली नाही. डोळ्यांवर हात धरून त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “अगे, ये तो गिध है. आपल्या गावाला किती होते. आता कुठं दिसतात?”

पाचेक मिनिटांत तो पक्षी एक मोठे वळण घेऊन खुलताबादच्या डोंगराकडे निघून गेला. हे आणि थोरली खाली आले तेव्हा धाकटा त्यांना हातवारे करून सांगत होता आणि थोरली रुसून बसली होती, कारण तिला काहीच दिसले नव्हते. खिचडी-खट्टा खाताना आमच्यात दुसरा विषय नव्हता.

त्या रात्रीपासून मी या पक्ष्याविषयी वाचत गेले, जाणकारांना विचारत गेले. आणि पुढे दोन महिन्यांनी हा पक्षी थेट माझ्या माहेरच्या गोठ्यापर्यंत येऊन पोहोचला. ती हकीकत पुढे सांगतेच. आधी त्याची ओळख करून घेऊ.

ओळखावे कसे?

मराठीत याला पांढरे गिधाड किंवा इजिप्शियन गिधाड म्हणतात. हिंदीत त्याचे एक नाव आहे गोबर गिद्ध. शास्त्रीय नाव निओफ्रॉन पर्क्नोप्टेरस. लांबी साधारण दोन फूट, वजन दोन किलोच्या आसपास आणि पसरलेले पंख पाच फुटांहून अधिक. गिधाडांमध्ये हा लहान चणीचा. आपल्या भागात कायम राहणाऱ्या जातीची चोच पिवळसर असते. हिवाळ्यात उत्तरेकडून आणखी काही पाहुणे येतात, त्यांच्या चोचीचे टोक काळे असते.

आपल्याकडे आकाशात दिसणाऱ्या दुसऱ्या पक्ष्यांशी याची गल्लत होऊ शकते. नेहमीची घार तपकिरी असते आणि तिची शेपूट दुभंगलेली असते. तळ्याकाठी दिसणाऱ्या ब्राह्मणी घारीचे डोके-छाती पांढरी पण बाकी अंग विटकरी असते. शेतातल्या तारेवर बसणारी कापशी घार पांढरी-राखाडी असते खरी, पण ती कावळ्यापेक्षाही लहान, डोळे लालभडक, आणि ती एका जागी पंख फडफडवत हवेत थांबते. बगळा मान आखडून, पंख हलवत सरळ रेषेत जातो. पांढरे गिधाड गोल घिरट्या घालते आणि त्याच्या पंखांची मागची अर्धी बाजू काळी असते. ही एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

मोठा झालेला पक्षीच पांढरा असतो. पिल्लू गडद तपकिरी, जवळजवळ काळे असते. दर वर्षी थोडी थोडी पिसे बदलत त्याला पूर्ण पांढरे व्हायला पाच वर्षांच्या आसपास लागतात. त्यामुळे काळ्या पिल्लाला लोक वेगळाच पक्षी समजतात.

त्याच्या पिवळ्या चेहऱ्यामागचे कारण वाचून मुलांना फार हसू आले. हा पक्षी गाई-म्हशींचे शेण खातो. शेणात कॅरोटिनॉइड नावाची पिवळी द्रव्ये असतात, गाजराला रंग देतात त्याच जातीची. ती पोटात गेली की चेहरा पिवळा होतो. स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये हे दाखवून दिले. गोबर गिद्ध हे नाव आपल्याकडच्या लोकांनी किती आधी आणि किती बरोबर ठेवले होते!

हा पक्षी हुशारही आहे. आफ्रिकेत शहामृगाचे अंडे चोचीने फुटत नाही तेव्हा तो चोचीत दगड उचलतो आणि अंडे फुटेपर्यंत त्याच्यावर मारत राहतो. जेन गुडॉल आणि ह्यूगो व्हॅन लाविक यांनी १९६६ मध्ये हे जगापुढे आणले. हत्यार वापरणारे पक्षी जगात मोजकेच आहेत, त्यात याची गणना होते.

अरबांची म्हण

अरबीत या पक्ष्याला रखमा म्हणतात. त्याचे दुसरे नाव अनूक. अरबांमध्ये एक जुनी म्हण आहे: एखादी गोष्ट मिळणे फारच अवघड असेल तर ती अनूकच्या अंड्यांहूनही दुर्मीळ आहे, असे म्हणत. कारण हा पक्षी माणूस पोहोचणार नाही अशा उंच कड्याच्या कपारीत अंडी घालतो, तीही दोनच. म्हण तयार झाली तेव्हा पक्षी सगळीकडे होता, दुर्मीळ होती ती त्याची अंडी. आज पक्षीच म्हणीत जाऊन बसण्याची वेळ आली आहे.

इजिप्तच्या प्राचीन चित्रलिपीत एका अक्षराचे चिन्हच हा पक्षी होता. त्याच इजिप्तमध्ये, कैरो शहरात चौदाव्या शतकात जन्मलेले आलिम अल-दमीरी यांनी ‘हयातुल हयवान’ हा प्राण्यांचा मोठा कोश लिहिला. प्राण्यांची नावे अक्षरांच्या क्रमाने, त्यांचे स्वभाव, त्यांच्याविषयीच्या म्हणी, आणि त्यांचे मांस हलाल की हराम याची चर्चा, असे सगळे त्यात आहे. रखमाही त्यात आहे. मांस खाण्यास मनाई असलेल्या पक्ष्याचीही माहिती जपून ठेवली पाहिजे, असे त्या आलिमांना वाटले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एखादे जनावर आपल्या ताटासाठी नाही, याचा अर्थ ते निरुपयोगी आहे असा होत नाही. जमिनीवर चालणारे जीव आणि पंखांनी उडणारे पक्षी या तुमच्यासारख्याच उम्मती आहेत, हा सूरह अल-अनआममधला आशय आपण मुलांना सांगतो. गिधाड त्यातून वगळलेले नाही.

इथे एका मुलाची गोष्ट आठवते. मुंबईच्या खेतवाडीत आपल्या मामांकडे वाढणाऱ्या या अनाथ मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही नेहमीची चिमणी नाही, मग ही खाणे जायज आहे का, असा प्रश्न त्याला पडला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनाही पक्षी ओळखता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. हलाल-हरामच्या एका प्रश्नातून सुरू झालेला तो प्रवास पुढे साऱ्या देशाला पक्षी ओळखायला शिकवून गेला. तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. दिल्ली गेटजवळच्या तलावाला आज त्यांचेच नाव आहे. त्याच्या काठावरून आपण रोज जातो, पण पाण्याकडे मान वळवून किती जण पाहतात?

गिधाडे गेली कुठे?

अम्मी सांगतात, त्यांच्या लहानपणी गावाबाहेर नाल्याच्या काठी मेलेली जनावरे टाकली जात. तासाभरात आकाशातून गिधाडे उतरत. मोठी तपकिरी गिधाडे आधी, आणि ती बाजूला झाली की ही पांढरी छोटी उरलेसुरले टिपत. संध्याकाळपर्यंत हाडे उरत. वास नाही, माश्या नाहीत, कुत्र्यांची टोळी नाही. “आम्ही पोरी तिकडं जायला घाबरायचो,” अम्मी म्हणाल्या, “पण गाव साफ राहायचं.”

मग १९९०च्या दशकात काहीतरी घडले. गिधाडे झाडावर मान टाकून बसलेली दिसत आणि दुसऱ्या दिवशी खाली मरून पडलेली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे ९९.९ टक्के संपली. हजारात एक उरले. लांब चोचीची गिधाडेही शंभरात तीन-चारच राहिली. पांढऱ्या गिधाडांची संख्याही त्याच सुमारास झपाट्याने घसरली आणि २००७ मध्ये जागतिक यादीत त्यांची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. मुंबईत पारशी समाजाच्या डुंगरवाडीवरची गिधाडे नाहीशी झाली. तामिळनाडूत तिरुकळुकुंड्रमच्या डोंगरावर रोज दुपारी पुजाऱ्याच्या हातून अन्न घ्यायला येणारी पांढऱ्या गिधाडांची जोडी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध होती. तीही येईनाशी झाली.

आधी रोगाचा संशय घेतला गेला. खरे कारण २००४ मध्ये कळले, पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून. जनावराला ताप, सूज, लंगडणे यांवर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध. तेच, जे आपल्या घरातही कंबरदुखीच्या गोळीत असते. जनावराला ते चालते. पण औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, तर गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडते, आतल्या अवयवांवर पांढरी भुकटी साचते आणि ते मरते. शंभर मेलेल्या जनावरांपैकी एकात जरी हे औषध असले तरी साऱ्या गिधाडांचा नायनाट व्हायला तेवढे पुरते, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला. कारण एका जनावरावर एका वेळी पन्नास-शंभर गिधाडे जेवतात.

भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केले. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीही एका वेळेपुरत्या ३ मिलीच्या छोट्या कुपीचेच बंधन आले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ही गिधाडांना घातक ठरलेली आणखी दोन औषधे जनावरांसाठी बंद झाली.

गिधाडे गेल्याने माणसाचे काय बिघडले? २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी याचा हिशेब प्रसिद्ध केला. जिथे पूर्वी गिधाडे भरपूर होती त्या जिल्ह्यांत ती गेल्यानंतर माणसांच्या मृत्यूंचे प्रमाण वाढले. पाच वर्षांत सुमारे पाच लाख जादा मृत्यू. सडणारी जनावरे, घाण झालेले पाणी, वाढलेली कुत्री, कुत्र्यांबरोबर रेबीज. अम्मींनी एका वाक्यात सांगितले होते तेच हे. गाव साफ राहायचे.

गोठ्यातली परीक्षा

किल्ल्यावरून परतलो त्या संध्याकाळी मी भाईजानला फोन केला. माझे माहेर कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगराखाली. भाईजान तिथे आले-मका करतात आणि तीन म्हशी ठेवतात. मी मोठ्या उत्साहाने पांढऱ्या पक्ष्याचे वर्णन केले. ते हसले.

“ती होय? ती तर आमच्या उकिरड्यावर येते. शेण टोकरत बसते. दोन आहेत. पोरं दगड मारतात.”

मी गप्पच झाले. ती कॉलेजची मुले तीन रविवार ज्याच्यासाठी उन्हात उभी होती, तो पक्षी माझ्या भावाच्या उकिरड्यावर उतरत होता! “पोरांना दगड मारू देऊ नका,” एवढेच मी सांगितले. त्यांनी “बरं” म्हटले आणि विषय म्हशींच्या दुधावर गेला.

मार्चच्या मध्यात त्यांचा फोन आला. मोठी म्हैस गेली होती. कास सुजली होती, ताप होता. दवाखान्यात डॉक्टर भेटले नाहीत, म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून इंजेक्शन आणून दोन दिवस टोचून घेतले. तिसऱ्या दिवशी पहाटे म्हैस आटोपली. साठ-सत्तर हजारांचे जनावर. भाईजानचा आवाज बसला होता. मी धीर दिला, अल्लाहची मर्जी म्हटले. मग ते म्हणाले, “ट्रॅक्टर सांगितलाय. नाल्याकडं ओढून टाकतो.”

माझ्या पोटात धस्स झाले. “भाईजान, इंजेक्शन कोणतं होतं?”

“मला काय ठाऊक? रिकाम्या कुप्या पडल्यात इथंच.”

“वाचा ना नाव.”

त्यांनी अडखळत वाचले. माणसांसाठीच्या छोट्या कुप्या होत्या. एका वेळी चार-पाच टोचल्या होत्या. नाव तेच होते.

मी त्यांना सगळे सांगितले. म्हैस उघड्यावर टाकू नका, पुरा. ती दोन पांढरी गिधाडे हिच्यावर उतरली तर दोन दिवसांत मरतील. भाईजान आधी ऐकून घेत होते, मग त्यांचा तोल गेला. “म्हैस गेली ती गेली, आता एका गिधाडासाठी जेसीबी लावू? दीड-दोन हजारांना कोण देणार? तुला शहरात बसून बोलायला काय जातं?”

ते चुकीचे बोलत नव्हते. ज्याचे जनावर गेले त्याला आणखी खर्च सांगणे सोपे नसते. मला उत्तर सुचेना. अम्मी तेव्हा पुन्हा आमच्याकडेच होत्या, डोळ्यांच्या तपासणीसाठी. त्यांनी माझ्या हातून फोन घेतला. फार बोलल्या नाहीत.

“बेटा, म्हैस तुझी होती. तिच्या अंगात जे घातलं तेही तूच घातलं. ते झाकायचंही तुलाच आहे. पैसे मी देते.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग फोन कट झाला.

त्या दिवशी जुहरनंतर माझ्या भाच्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. विहिरीपासून लांब, बांधाच्या कडेला मोठा खड्डा, वर चुना टाकलेला, आणि बाजूला पाठमोरे उभे असलेले भाईजान. मी निम्मे पैसे पाठवले. त्यांनी ते परत केले. पुढचे दहा-बारा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

आपल्या घरातून काय होऊ शकते?

हे सगळे शेतकऱ्यांचे आणि वनखात्याचे काम आहे, असे शहरातल्या वाचकांना वाटेल. पण आपल्यापैकी कितीतरी घरांत बकऱ्या आहेत, माहेरी-सासरी गाई-म्हशी आहेत. थोड्या गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुष्कळ होईल.

जनावर आजारी पडले की आधी पशुवैद्यकाला बोलवावे. सूज-तापावर मेलॉक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक ॲसिड द्या, असे आपण होऊन डॉक्टरांना सांगता येते. ही दोन्ही गिधाडांसाठी सुरक्षित आहेत. मेलॉक्सिकॅम तर सहज मिळते आणि महागही नाही. माणसांसाठीचे वेदनाशामक इंजेक्शन जनावराला कधीही टोचू नये.

वेदनाशामक दिल्यावर आठवडाभरात जनावर मेले तर ते पाण्यापासून दूर खोल पुरावे. बिनऔषधाचे, म्हातारे होऊन मेलेले जनावर मात्र गिधाडांसाठी अन्न आहे. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाडा येथे आणि रायगडमध्ये म्हसळ्याजवळ चिरगावला अशी तपासलेली मेलेली जनावरे गिधाडांसाठी ठेवण्याचे प्रयत्न झाले आहेत.

बिबट्या किंवा कुत्र्यांसाठी मेलेल्या शेळीवर कीटकनाशक टाकण्याची वाईट सवय काही ठिकाणी आहे. त्याने बिबट्या मरो न मरो, गिधाडे हमखास मरतात. तो गुन्हाही आहे.

बकरी ईदला कुर्बानीचे अवशेष उघड्या नाल्यात, मोकळ्या प्लॉटवर टाकू नयेत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तर मुळीच नाही. घारी आणि गिधाडे मांसाबरोबर प्लास्टिकही गिळतात. महापालिकेच्या गाडीत द्यावे किंवा पुरावे.

आणि मुलांना दाखवावे. थंडीच्या दिवसांत, ऊन तापल्यावर, नऊ ते बाराच्या दरम्यान दौलताबाद, वेरूळ, गौताळा या भागातल्या कड्यांकडे बघत उभे राहावे. तापलेल्या खडकावरून गरम हवा वर चढते आणि हे पक्षी तिच्यावर पंख पसरून तरंगतात. कपारीत घरटे दिसले तर जवळ जाऊ नये आणि त्याची जागा मोबाइलवर सगळ्यांना पाठवू नये. जखमी पक्षी सापडला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

ज्यांचे नातेवाईक आखातात आहेत त्यांनी एक गंमत करावी. ओमानमध्ये हा पक्षी अजून चांगल्या संख्येने टिकून आहे. मसीरा बेटावर त्याची मोठी वस्ती आहे आणि मस्कतजवळच्या कचरा डेपोवर तो शेकड्याने उतरतो. व्हिडिओ कॉलवर विचारून पाहा. “हौ, रोज दिसतात,” असे उत्तर आले तर नवल वाटायला नको. आपल्या गावांतही एकेकाळी कुणी हेच उत्तर दिले असते.

उकिरड्यावरचे तिसरे

भाईजानचा अबोला शेवटी त्यांनीच मोडला. ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली होती. मोबाइलवर त्यांचा एक व्हिडिओ आला, उकिरड्याचा. कोंबड्या, शेणाच्या गोवऱ्या, आणि पलीकडे दोन पांढरी गिधाडे डुलत डुलत चालताना. त्यांच्याजवळ एक तिसरा पक्षी होता. तेवढाच मोठा, पण काळपट. चेहराही करडा. खाली भाईजानचा आवाज: “ही दोन तर ओळखीची आहेत. ही काळी कोण आली नवीन?”

मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. मग फोन लावला.

“भाईजान, नवीन कुणी नाही. त्यांचंच पिल्लू असणार.”

“पिल्लू? एवढं काळं?”

“मोठं होईल तसं पांढरं होत जातं. चार-पाच वर्षं लागतात.”

पलीकडे ते हसले. बऱ्याच महिन्यांनी त्यांचे हसणे ऐकले. “म्हणजे चार-पाच वर्षं याच्यावर नजर ठेवायची म्हणतेस.”

मी हिशेब केला. ही पिल्ले उन्हाळ्यात अंड्यातून बाहेर येतात आणि पावसाच्या तोंडाशी उडू लागतात. म्हणजे मार्चमध्ये म्हैस गेली तेव्हा गौताळ्याच्या कुठल्या तरी कपारीत अंडी असतील, किंवा ती घालायची तयारी चालू असेल. आईबाप दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात, दोघेही पिल्लाला भरवतात. त्यातले एक जरी त्या नाल्यावर जेवून मेले असते तर हे तिसरे उकिरड्यावर आले नसते. मी हे भाईजानला बोलून दाखवले नाही. त्यांना ते कळले असावे, कारण फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, “पोरांना सांगितलंय. दगड मारला तर पाय मोडीन.”

थोरली शेजारी बसून ऐकत होती. किल्ल्यावर पक्षी हुकल्याचा राग तिच्या मनातून गेलेला नव्हता. तिने बोटांवर मोजले आणि म्हणाली, “ते पांढरं होईल तेव्हा मी बारावीला असेन. मामूंकडे सुट्टीत जायचं. या वेळी मला आधी दुर्बीण द्यायची, त्याला नंतर.”